शेवटच्या दारातले काका

या मायबाप हो, थोडं जवळ सरका. एका उमेदवार बाईची गोष्ट सांगतो. जन्मली मुलगा म्हणून, जगते बाई म्हणून, आणि यंदा वॉर्डातून निवडणुकीला उभी. निघाली होती गढूळ पाण्याबद्दल बोलायला, पण सकाळपासून दारोदारी एकच प्रश्न, "आधी सांगा, तुम्ही बाई की बाप्या?" सांगून सांगून बिचारीचा घसा बसला, पाय भरून आले. शेवटच्या दारात बनियनवर एक काका आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत हिनेच सुरू केलं, "काका, मी बाई आहे. लहानपणी मुलगा म्हणून..."

"अहो, ते राहू द्या! नळाला चिखल येतोय, तो कधी थांबणार?"

दिवसभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. घोकून ठेवलेलं उत्तर ऐनवेळी आठवेना.

"आल्या मोठ्या मत मागायला! सगळे उमेदवार सारखेच लेकाचे!" काकांनी दार आपटलं.

मत गेलं. ती मात्र जिन्यात बसून डोळे पुसत हसत राहिली. सगळ्यांसारखी, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मायबाप हो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या चिडक्या काकांची आठवण ठेवा.