चष्मा लावणारी बाई

कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत टेलरबाई गेल्या वर्षी अनुमानाच्या प्रश्नांवर आपटल्या, कारण दिलेलं विधान सोडून त्या स्वतःचीच अक्कल चालवत. उद्या पुन्हा पेपर होता. या खेपेला जमलं नाही तर नाद सोडायचा, असं घरात ठरलेलं. मशीनवर बसलेल्या बाईंना लेक प्रश्न वाचून दाखवत होती. “सगळे न्यायाधीश चष्मा लावतात. एक बाई चष्मा लावते. ती न्यायाधीश आहे का?” “जवळचा की लांबचा?” बाईंनी विचारलं. लेकीने कपाळाला हात लावला. कापड बेतणारे नवरोबा हसले. मशीन थांबलं. बाईंनी दोन्ही विधानं कापडासारखी उलटसुलट करून पाहिली. “असेलच असं नाही. चष्मा कुणीही लावतं.” “बरोबर,” लेक खुलली. “पन्नाशीला न्यायाधीश व्हायचंय म्हणे,” नवरोबा पुटपुटले. बाईंनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. “अहो, दिलेल्या माहितीवरून ती शक्यता नाकारता येत नाही.”