टिटवीची सही

"चित्र किती वाईट असलं की तुम्ही नापास करता?"

टिटवीनं विचारलं, आणि दारामागे दोन मैत्रिणींना एकदम खोकला आला. पैजच तशी होती. शाळेची सहल संग्रहालयात पोचली की कार्यालयात शिरायचं आणि हे विचारायचं, तेही न हसता. जिंकली तर आठवडाभर तिचं दप्तर त्या दोघी उचलणार. टिटवी हे तिचं शाळेतलं नाव. गप्प बसायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं, म्हणून पडलेलं.

टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नापास कोणाला केलं?"

"मला. सुट्टीतल्या चित्रवर्गासाठी. मी कुत्रा पाठवला होता."

"तीन पायांचा?"

"चौथ्यानं तो कान खाजवत होता."

बाई हसल्या. "अगं, तो कुत्रा तर आम्ही पहिल्याच दिवशी निवडला. दहा मुलांत तुझं नाव होतं. तूच नको म्हणालीस."

टिटवीला वाटलं, बाईंनाही कोणीतरी पैज लावली असणार. पण बाईंनी कपाटातून फाईल काढली आणि एक कागद तिच्यासमोर सरकवला.

छापलेलं पत्र होतं. 'मला आता अभ्यासाकडे लक्ष द्यायचे आहे. माझा विचार बदलला आहे.' प्रत्येक ओळीच्या शेवटी अक्षरं फिकी होत गेलेली. बाबांच्या ऑफिसातला प्रिंटर असाच दमतो. तिचा विज्ञानाचा प्रकल्प त्यावरच छापला होता.

खाली तिची सही. नावाच्या शेपटाला एक टिटवी, लांब पायांची, एक पाय वर. हुबेहूब तिचीच. हुबेहूब होती तेच वाईट. तिला स्वतःला ती टिटवी दोनदा सारखी कधी जमली नव्हती.

तिनं कागद उजेडात धरला. पायाच्या रेघेशेजारी निळे ठिपके होते, मोहरीएवढेसुद्धा नाहीत. तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही. आई कापडावर भरतकाम करायची. नक्षीच्या कागदाला रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून नीळ चोळायची, की खाली ठिपक्यांची नक्षी उतरायची. मग ठिपके जोडायचे. कापडावरची उरलेली नीळ आई फुंकर मारून उडवते. इथे फुंकर मारायची राहिली होती.

निवडीचा निकाल आला त्या दिवशी बाबांनी सांगितलं होतं, "तुझं नाव नाही गं यादीत. पुढच्या वर्षी बघू, वाघिणी." आणि आई तिच्या शेजारी बसून चक्क रडली होती. पदरानं आधी लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"हे तूच लिहिलंस ना?" बाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या. "एक जागा अजून रिकामी आहे. साडेपाचला शेवटची यादी लावतो आम्ही. दुसऱ्या कोणी लिहिलं असेल तर तसं सांग मला."

दारामागच्या दोघी केव्हाच बागेत पळाल्या होत्या. समोर परक्या बाई, बाहेर सगळी शाळा, आणि नाव सांगायचं ते आपल्याच आई-बाबांचं. टिटवीनं आयुष्यात पहिल्यांदा उत्तराला वेळ घेतला.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "सही माझीच आहे."

बाहेर मैत्रिणींनी तिला घेरलं. "काय म्हणाल्या गं? ओरडल्या?"

"दप्तर उचला," टिटवी म्हणाली.

संग्रहालयाबाहेरची सगळी गल्ली कधीकाळी चित्रकारांची होती, असं मार्गदर्शक सांगत होता. आता त्यातल्या एका चित्रकार बाईंचं घर तेवढं संग्रहालय झालं होतं. मुलं बागेत हुंदडत होती. टिटवी मागच्या चित्रशाळेच्या खिडकीला नाक लावून उभी राहिली. आत जुन्या रंगांनी माखलेली फरशी होती आणि दहा स्टुलं मांडलेली. नऊंवर नावाच्या चिठ्ठ्या होत्या.

पाच वाजून गेले, सहल सुटली, आणि फाटकाशी आई-बाबा घ्यायला आले.

"काय, पायांचे तुकडे पडले का चालून?" बाबांनी विचारलं.

"बाग छान आहे," टिटवी म्हणाली, आणि थांबली. आता तरी दोघांपैकी कोणीतरी बोलेल. तिनं अगदी मनापासून वाट पाहिली. 'पत्र आम्ही लिहिलं', एवढं एक वाक्य त्यांनी स्वतःहून म्हटलं असतं, तर ती गुपचूप घरी गेली असती.

आईनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. बोटांची टोकं निळसर होती, नेहमीसारखी. "आत गेल्यावर वाईट वाटलं असेल ना, राणी? आपल्याला घेतलं नाही म्हणून?"

"अगं, अशा ठिकाणी सगळा वशिल्याचा कारभार," बाबा म्हणाले. "तुझा कुत्रा त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नसेल. चल, बस गाडीवर."

टिटवी बसली नाही. तिनं आईचा हात कपाळावरून बाजूला केला, हळूच, दुखू नये असा.

"त्यांनी पाहिला," ती म्हणाली. "पत्रही पाहिलं, आणि मीही पाहिलं. मगाशी आत मी तुम्हा दोघांसाठी खोटं बोलले. ते परत घ्यायला चाललेय. सुट्टीत मी इथे येणार आहे. साडेपाचला अजून वीस मिनिटं आहेत. तुम्हाला यायचं असेल तर या."