समोरासमोरची दारं

"काकू, फायरवाल्यांचा नियमच आहे. ही जाळीची दारं बाहेर उघडतात, एकमेकांवर आपटून अडकतात. आग लागली तर माणसं पळणार कुठून?" फिटरनं स्क्रूड्रायव्हर काढला.

इंदूताईंना वाद घालायचा नव्हता. रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला त्या आणि समोरची शैला नेमक्या एकदमच दार उघडायच्या. दारं टणकन आपटायची, मग दोघींचं हसणं, मग चहा. आता शैला मुलाकडे बडोद्याला गेली होती, कायमची.

शैलानं जाताना सोपवलेली तिच्या घराची किल्ली त्यांनी आणून फिटरला दिली. "ही दारं काढण्याआधी एकदा तिच्या घरात जा. दोघं एकदमच दार उघडू."

टण्ण झालं.

"शैले, चहा टाकलाय गं," सवयीनं तोंडून निघून गेलं.

समोर दार धरून फिटर उभा होता.