फोटोतला माणूस

तुळशीरामने चहा नको म्हटलं, तेव्हाच नाना सावध झाले.

शंकर नगरच्या या घरी तो वर्षातून एकदा यायचा, पिकाचा अर्धा वाटा घेऊन. गावाकडचं शेत नानांचं, कसायचे तुळशीराम आणि त्याचा भाऊ शालिग्राम. यंदा खारून नदीचं पाणी शेतात शिरलं आणि उभा धान कुजला. आज तो रिकाम्या हातांनी आला होता.

"पुराच्या मदतीत वाटा मागायला आला असशील तर सरळ सांग," नाना म्हणाले.

तुळशीरामला मराठी समजायची. उत्तर तो हिंदीतच द्यायचा. त्याने मोबाइल पुढे केला. पूरग्रस्तांना मिळालेल्या मदतीची यादी सरकारने सगळ्यांना दिसेल अशी वेबसाइटवर टाकली होती, पटवाऱ्याने पाहणीत काढलेल्या फोटोंसकट. नाव नानांचं होतं. फोटोत, गुडघाभर चिखलात, तुळशीराम उभा होता.

"तू काहून उभा राहिला तिथं?"

"आपने ही फोन पे बोला था, नाना. पटवारी आया है, तू खड़ा हो जा, मेरा घुटना दुखता है."

नानांना ते आठवत होतं. "पण पैसे माझ्या खात्यात आले."

"हव. गाँव ने तो फोटू देखा. शालिग्राम बोलता है, तूने पैसा दबा लिया. चूल्हा अलग कर दिया उसने. माँ भी उधर चली गई."

"मग मी काय करू?"

"एक बार गाँव चलिए. सबके सामने बस इतना बोल दीजिए, खेत ये दोनों भाई जोतते हैं, पैसा मेरे को मिला."

नाना आत गेले. सून इंदू दाराआड उभीच होती.

"जा नं, नाना. एवढंच तर बोलायचं आहे."

"तुले नाही समजत. हाच शेत कसतो, असं मी चार लोकांत बोललो की झाले साक्षीदार तयार. फोटो आहेच. उद्या जमीन माझी म्हणून कोर्टात उभा राहील."

"मग शालिग्रामले फोन तरी करा."

"फोन रेकॉर्ड करतात आजकाल."

नानांनी कपाट उघडलं, पाकीट भरलं आणि बाहेर येऊन तुळशीरामपुढे धरलं.

"घे. अर्धे आहेत. दिवाळीची भेट समज. कुठं बोलू नको."

तुळशीरामने पाकिटाकडे पाहिलं. हात मात्र मागेच राहिले.

"ये लेके घर गया, तो भाई की बात सच हो जाएगी."

 मग त्याने वाकून नमस्कार केला आणि चपला घालून तो निघाला. नाना खिडकीशी गेले. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत पडदा हातात धरून उभे राहिले.

"पैशाले हातही नाही लावला त्यानं," इंदू म्हणाली.

"तेच सांगून राहिलो तुले," नाना म्हणाले. "जमिनीवरच डोळा आहे त्याचा."