साठाला एक

"साहेब, पट्टा हळू करा न जी! हात पुरून नाही राह्यले!"

बेबीताई ओरडली, पण तिचे हात थांबले नव्हते. नेरजवळच्या जिनिंगमध्ये नव्या पट्ट्याचा तो पहिलाच दिवस होता. पट्ट्यावरून कापूस वाहत होता आणि दोन्ही बाजूंच्या बायका त्यातली कवडी म्हणजे किडका, डागी कापूस, काडीकचरा, सुतळ्या वेचत होत्या. वेचत कसल्या, झोंबत होत्या. बेबीताईच्या नव्या हिरव्या लुगड्याचा पदर घामानं पाठीला चिकटला होता. शेजारी तिची थोरली जाऊ, शकुबाई. तिच्यापुढून तर कचरा तसाच निघून जात होता.

हे साहेब म्हणजे पट्टा बसवणारा इंजिनिअर क्षितिज. तो मात्र गिअरबॉक्सला कान लावून उभा होता. त्यानं आखलेली ही पहिलीच गिअरबॉक्स. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेणारी, उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी. तिचा वेग मोडून जोर काढायचा, तोही पट्ट्याला झटका न देता. त्यासाठी त्यानं पोलादी वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आट्यांचा दांडा, कापून घेतला, त्याला पितळी चाक जोडलं, सगळं तेलात बुडवलं. मोटरचे साठ फेरे झाले, की पट्ट्याच्या रोलरचा एक. आवाज म्हणाल तर जात्याइतकाही नाही. गडी खुशीत होता.

हा साठाचा आकडा त्यानं हवेतून काढला नव्हता. दसऱ्याला, कापसाच्या मुहूर्ताला, तो इथंच होता. त्या दिवशी बायकांची शर्यत लागते. प्रत्येकीपुढे एक ढीग. जी आधी साफ करील तिला मालकाकडून लुगडं. पहिल्या आलेल्या बाईचा वेग त्यानं घड्याळ लावून मोजला आणि त्यावरून चाकाचे दात ठरवले. लुगड्यासाठी घटकाभर पळणारे हात दिवसभर तसे पळत नाहीत, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. शिकलेला होता, आंधळा नव्हता. पण मालकांना तो वेग फार आवडला होता.

मालक सदाशिवराव आले. पट्ट्याकडे पाहून म्हणाले, "जिले जमत नाही तिनं घरी जावं. शकुबाई, निघा तुमी."

त्या वर्षी लाल्या रोगानं कपाशी खाल्ली होती. वेचणीला कोणी बोलवत नव्हतं. इथून घरी जायचं म्हणजे चूल विझवायलाच जायचं.

बेबीताई जावेपुढे आडवी उभी राहिली. "तिचे हात नाही चुकले मालक, तुमचं यंत्र चुकलं!"

"काय हो, चुकलं काय?" सदाशिवरावांनी क्षितिजला विचारलं.

हो म्हटलं तर गिअरबॉक्स खोलायची. वर्म नवा, चाक नवं, आणि गावभर नाचक्की. क्षितिजनं फडक्यानं हात पुसले.

"नाही. बाईमाणसाच्याच हातावरून काढलाय हा वेग."

"कोन्या डाकिनीच्या?" बेबीताई कडाडली. "आना तिले! इथं उभी करा! तिच्या पायी आमच्या घरचं मानूस उपाशी मरन!"

क्षितिजनं तिच्या लुगड्याकडे बोट केलं. "दसऱ्याला हे कोणी जिंकलं, ताई?"

पट्टा चालूच होता. शकुबाईनं जावेच्या हिरव्या पदराकडे एकदा पाहिलं, आपला डबा उचलला आणि फाटकाकडे चालू लागली.