धुळीचा कण

पहिला घास तोंडाशी नेला आणि तिचा हात तिथेच थांबला. दोन आणि पाच. मधलं टिंब आपण ठेवलं होतं ना?

परवा तिने औषधाच्या खोक्यावरचा फोटो छपाईसाठी तयार केला होता. तान्ह्या बाळांचं तापाचं औषध. फोटोत मापाचा पारदर्शक पेला, त्यावर एक रेघ आणि रेघेशी आकडा, २.५. पेल्याच्या प्लास्टिकवर धूळ बसलेली. फोटो चांगला मोठा, त्यामुळे कण न् कण दिसत होता. स्क्रीनवर आठपट करून ती एकेक कण पुसत गेली होती. पंचेचाळीस वर्षं ती हेच करत आली होती. पूर्वी उजेडाच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, दोन केसांच्या ब्रशने तांबड्या शाईचे ठिपके देऊन डाग झाकत. तेव्हा हात चुकला तर बोटाला ती शाई लागायची, लगेच कळायचं. आता हाताला काहीच लागत नाही.

टिंबही कणाएवढंच होतं.

खोक्यावरचा मजकूर मुंगीएवढा. रडणारं पोर मांडीवर असताना आई तो वाचत बसत नाही, चित्र बघते. अडीचच्या जागी पंचवीस. तिने घास ताटात परत ठेवला.

"छापखान्यात फोन लाव," ती भाच्याला म्हणाली. स्टुडिओ त्याचा होता. "तो औषधाचा खोका थांबवायला सांग. टिंब पुसलं गेलंय बहुतेक माझ्याकडून."

"मावशी, आधी जेव. तुझ्या हाती चंद्र दिला तर तू त्याचेही डाग काढशील."

"तेच तर म्हणतेय मी."

भाच्याचं हसू मावळलं. त्याने फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा.

तिने फाइल उघडली. जड फाइल, वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उमटणारी. आधी औषधाचं नाव आलं. मग खोक्यावरच्या बाळाचे गाल. त्या बाळाकडे तिला बघवेना. पेला आला. दुप्पट, चौपट, आठपट.

टिंब होतं. काळंभोर, जागच्या जागी.

"आहे रे बाबा, आहे," ती म्हणाली आणि पदराने मान पुसली.

"बघ. आता तरी जेवशील?"

तेवढ्यात फोन वाजला, तिनेच उचलला. छापखान्यातला मशीनवाला. वीस वर्षं तिच्या फाइली छापणारा, डोळ्यांत तेल घालून काम करणारा.

"ताई, एवढे फोन? मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही."

"काही नाही हो. त्या औषधाच्या खोक्याची उगाच शंका आली होती. छापून झालं का?"

"झालं की. सकाळीच माल गेला." तो जरा घुटमळला. "रागवू नका, पण एक कण राहिला होता तुमच्याकडून. आकड्यात अडकलेला. छपाईच्या एका प्लेटवर आठ खोकी, आठांवरही तो होताच. म्हटलं, ताईंना कशाला त्रास द्या. एकेक करून आठही पुसले मी."