कठडा कोणासाठी

"कठडा कोणी मागितला होता?" मास्तरांनी हातातल्या कागदावरून तिसरा प्रश्न वाचला आणि मान वर केली.

"कोणीच नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मला वाटलं, हवा."

"तुम्हाला वाटलं!" पाववाली उसळली. "बाजाराचं छप्पर गळतंय, माझं पीठ दर पावसाला भिजतंय. आणि छपरासाठी आणलेले पाइप तुम्ही गल्लीच्या कडेला रोवलेत. ताई, जिवाला काही वाटतं का?"

नगरसभेचे अकरा सभासद लांबट टेबलाभोवती बसले होते. प्रश्न संपले की अविश्वासाचा ठराव येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षबाईंनाही. घड्याळदुरुस्तीचं दुकान सांभाळून नऊ वर्षं त्यांनी ही खुर्ची सांभाळली होती. आज ती जाणार, असं कारकुनाचासुद्धा चेहरा सांगत होता.

मास्तर अजून उभेच होते. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी इस्त्रीचा सदरा आणि कडक आवाज सुटला नव्हता. बायको गेल्यापासून घरात बोलायला चार भिंती. महिन्याची ही सभा म्हणजे त्यांचं माहेरच. आदल्या दिवसापासून वाट बघावी, येताना मन भरून आणावं, जाताना पाय निघू नये.

सभेत प्रश्न लेखी आणायचा, ज्याचा त्यानं वाचायचा आणि कागद डब्यात टाकायचा. ज्याला वाचता येत नाही, त्यानं जागा सोडायची. हा नियम मास्तरांनीच भांडून करून घेतला होता. त्या काळी काही सभासद न वाचताच कशावरही सह्या ठोकत.

"चौथा प्रश्न." मास्तरांचा अंगठा कागदावरून खाली सरकला. "सभागृहाच्या पायऱ्यांना पिवळे पट्टे कशाला? ही नगरसभा आहे की सर्कस?"

हशा पिकला. अध्यक्षबाईही जराशा हसल्या.

"पायरी दिसावी म्हणून."

"पाचवा. कठडा बरोबर तुमच्या गल्लीच्या तोंडापासून निघतो आणि या सभागृहाच्या दाराशी संपतो. एकशे बारा पावलं. मी स्वतः मोजली. रंगसुद्धा अजून ओला आहे." मास्तरांनी पुरावा म्हणून उजवा तळवा दाखवला. हिरवागार.

"गल्ली तर तुमचीही आहे, मास्तर," न्हावी म्हणाला. "तुम्हाला नको का कठडा?"

"मला कशाला? त्या गल्लीतून मी डोळे मिटून जातो!"

पुन्हा हशा. मास्तर थांबले, बोट ओलं केलं, कागद उलटला.

"शेवटचा प्रश्न. हे सगळं कोणासाठी केलंत?"

अध्यक्षबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "माझ्यासाठी."

मग त्यांनी मान वर केली.

"डोळे जाताहेत माझे. सगळा जन्म भिंगात गेला. आता दिवस कलला की पायरी कुठं संपते ते कळत नाही. चार माणसांत सांगायची लाज वाटली, म्हणून गुपचूप केलं. चूक झाली."

"अगं बाई!" पाववालीचा आवाज एकदम उतरला. "मग तोंडानं बोलायचं नाही का? मीच नसते आले हात धरून? आणि ते माझं बंद पडलेलं मनगटी घड्याळ सकाळी उगाच तुमच्या गळ्यात मारलं."

न्हाव्यानं घसा खाकरला. "वाईट वाटतं, ताई. पण मग ठरावाचीही गरज नाही. वाचता येत नसेल तर जागा सोडायची. मास्तर, नियम तुमचाच."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. मग ते बोलू लागले, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी कागद समोर धरला नाही.

"डोळे मावळले म्हणून माणूस मावळत नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं या बाईनं दाराशी आलेल्या प्रत्येकाचं ऐकलं. तिला दोन ओळी वाचता येत नाहीत म्हणून घरी बसवायचं? घरी बसणं काय असतं, तुम्हाला माहीत आहे?" आवाज चिरकला. "तो नियम भांडून आणला तेव्हा मला वाटायचं, माझं सगळं कायम शाबूत राहणार. नियम मी केला, मीच मागं घेतो. ज्याला दिसत नाही त्याला शेजारच्यानं वाचून दाखवावं. जागा कोणाची जाऊ नये."

आधी पाववालीचा हात वर गेला. मग न्हाव्याचा. मग सगळ्यांचे. अविश्वासाचा ठराव कोणी काढलाच नाही.

"छपराचं मात्र बघा हं, ताई," पाववाली डोळे पुसत म्हणाली.

"नवे पाइप परवा येताहेत. पावसाआधी छप्पर होईल."

मास्तरांनी कागदाची चौघडी करून डब्यात टाकली आणि कठड्याच्या बाजूनं, ताठ मानेनं, सावकाश घरी गेले. अध्यक्षबाई खिडकीतून ते गल्लीत वळेपर्यंत बघत राहिल्या.

सभागृह रिकामं झालं. कारकून खुर्च्या सरळ करून वळला, तर अध्यक्षबाई पाववालीचं घड्याळ उघडून बसल्या होत्या. भिंग नाही, चष्मा नाही. चिमट्याच्या टोकावरचा तिळाएवढा स्क्रू त्यांनी एका झटक्यात जागेवर बसवला.

कारकून बघतच राहिला. "ताई, तुमचे डोळे तर..."

"प्रश्नांचे कागद इतिवृत्ताला जोडायचे आहेत ना?" त्यांनी घड्याळ कानाशी धरलं. "बाकीचे जोडा. मास्तरांचा तेवढा मला द्या. दर महिन्यासारखा मीच लिहून देते."

कारकुनानं डब्यातून मास्तरांची चौघडी काढली आणि उलगडली. कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता.